रिपोर्टातली दुर्लक्षित ओळ : ट्रायग्लिसराइड आणि आपल्या रक्तवाहिन्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसमोर केलेले भाषण)



चेअरमनसाहेबांनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी डॉक्टर नव्हे. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेत, इथंही तेच करा." तेव्हा आज मी कुणाला औषध सांगणार नाही. औषध डॉक्टरांनीच सांगावं. मी फक्त एका कागदाचा हिशेब मांडणार आहे. तो कागद आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात, लाइट बिलाच्या फाइलमध्ये घडी घालून ठेवलेला आहे. त्याचं नाव लिपिड प्रोफाइल.

या कागदावर साधारण पाच ओळी असतात. टोटल कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल. आपण काय करतो? पहिली ओळ बघतो. कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत असलं की "सगळं नॉर्मल हाय" म्हणून कागद परत फाइलमध्ये. दुसऱ्या ओळीवर ट्रायग्लिसराइड २८० लिहिलेलं असतं, शेजारी लॅबवाल्यानं ठळक अक्षरात खूणही केलेली असते, पण त्या नावाचा उच्चारच नीट जमत नाही, म्हणून ती ओळ सोडून देतो. माझं म्हणणं असं, की आपल्या भागातल्या माणसानं सगळ्यात आधी बघायची ओळ हीच आहे.

हे मी मनानं सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभर एक मोठी पाहणी केली. तिला 'इंडियाब' म्हणतात. तिच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड यांच्यासोबत आपला महाराष्ट्रही होता. शहरं होती, तशी खेडीही होती. चरबीच्या तपासणीचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या सुमारे १४ जणांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं. ट्रायग्लिसराइड मात्र शंभरातल्या जवळजवळ ३० जणांचं जास्त होतं. आणि ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल शंभरातल्या ७२ जणांचं कमी होतं. म्हणजे ज्या ओळीला आपण घाबरतो ती चौदा जणांची अडचण, आणि जिच्याकडे बघतही नाही ती तिसांची. बँकेत असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी आधी कुठल्या खात्याची चौकशी केली असती, हे वेगळं सांगायला नको.

आता हे ट्रायग्लिसराइड म्हणजे काय? साध्या भाषेत सांगायचं तर चरबी. शेंगतेल, तूप, लोणी आणि आपल्या पोटाभोवतीचा घेर, हे सगळं मुख्यतः ट्रायग्लिसराइडच. ग्लिसरॉल नावाचा एक कणा आणि त्याला जोडलेली तीन फॅटी ॲसिडं, म्हणून 'ट्राय'. कोलेस्टेरॉल ही वेगळी वस्तू. कोलेस्टेरॉल हे बांधकामाचं साहित्य आहे, पेशींच्या भिंतींना लागतं, संप्रेरकं आणि पित्त बनवायला लागतं. ट्रायग्लिसराइड हे जळण आहे. विटा-सिमेंट आणि सरपण यांत जेवढा फरक, तेवढा या दोघांत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हे जळण फक्त खाल्लेल्या तेलातुपातून येत नाही. भात, साखर, गूळ, मैदा, दारू, यातलं जे खर्च होत नाही त्यातल्या बऱ्याच भागाची आपलं यकृत चरबी बनवतं. म्हणून "मी तेल बंद केलंय, तरी हे कसं वाढलं?" असं विचारणारी माणसं भेटतात. तेल बंद केलेलं असतं, पण ताटातल्या भाताचा डोंगर एका वाढीनं उंच झालेला असतो.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बहुतांश पाणी. मग ती नेणार कशी? इथं मी आपल्या नेसरीतलंच उदाहरण देतो. ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. शेतातून ट्रॉल्या भरतात, रस्त्यानं कारखान्याकडं जातात, माल उतरतो, रिकाम्या ट्रॉल्या परत. रक्तातही अशाच ट्रॉल्या आहेत. जेवणानंतर आतड्यातून चरबी भरून निघतात त्या मोठ्या ट्रॉल्या, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. यकृतातून भरून निघतात त्या व्हीएलडीएल. स्नायू आणि चरबीच्या पेशी हे माल उतरवायचे अड्डे. तिथल्या बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीवर एक विकर बसलेलं असतं, लायपोप्रोटीन लायपेज. हे म्हणजे माल उतरवणारी टोळी. चरबीच्या पेशींकडच्या टोळीचा मुकादम म्हणजे इन्शुलिन.

शरीर तंदुरुस्त असेल तर जेवणानंतर काही तासांत ट्रॉल्या रिकाम्या होतात. पण माणूस दिवसभर बसून राहिला, पोट सुटलं, की पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात. मुकादम ओरडतोय आणि टोळी बसून आहे, अशी गत. माल उतरणं मंदावतं. त्यातच साठवणीतली चरबी विनापरवाना बाहेर पडून यकृताकडं जाते आणि यकृत आणखी ट्रॉल्या भरून पाठवतं. रस्त्यावर रांगा लागतात. रिपोर्टात जो आकडा दिसतो, तो या रांगेचा.

आता खरा प्रश्न. रांग लागली म्हणून रक्तवाहिनीचं काय बिघडलं? आपली कल्पना अशी, की नळात कचरा साचावा तशी चरबी आतून थापली जाते. तसं होत नाही. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नुसतं प्लास्टर नव्हे, ते काम करतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यामुळं वाहिनी सैल होते, रुंदावते, रक्ताला वाट देते. या शोधासाठी १९९८ साली फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. खूप चरबीचं जेवण झालं की पुढचे काही तास वाहिनीचं हे सैल होणं कमी पडतं, हे प्रयोगांत मोजलं गेलं आहे.

पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पूर्ण भरलेली मोठी ट्रॉली गल्लीत शिरू शकत नाही, बरोबर? तसंच कायलोमायक्रॉन इतके मोठे असतात की ते वाहिनीच्या भिंतीत शिरत नाहीत. अडचण होते ती अर्धवट रिकाम्या झालेल्या लहान ट्रॉल्यांची. त्यांना रेम्नंट म्हणतात, म्हणजे उरलेले अवशेष. त्या गल्लीत शिरतात आणि अडकतात. त्यांच्यात उरलेलं ट्रायग्लिसराइड शरीराला जाळता येतं. पण त्याच ट्रॉलीत कोलेस्टेरॉलही असतं, आणि कोलेस्टेरॉल जाळता येत नाही. ते भिंतीतच राहतं. साफसफाईला आलेल्या पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तिथंच बसतात. वर्षानुवर्षं हा थर वाढत जातो, भिंतीला सूज धरते आणि एके दिवशी थरावरचं झाकण फाटतं. फाटलं की तिथं रक्ताची गुठळी होते. ती हृदयाच्या धमनीत झाली तर हार्ट ॲटॅक, मेंदूकडं जाणाऱ्या वाहिनीत झाली तर पक्षाघात. पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्या तर चार पावलं चालल्यावर पोटऱ्या धरतात. आपण म्हणतो, वय झालं.

यात आणखी दोन गोष्टी होतात. ट्रॉल्यांची रांग लांबली की त्यांच्यात आणि एचडीएल-एलडीएलमध्ये मालाची अदलाबदल सुरू होते. त्यातून एचडीएल लवकर खलास होतं, म्हणजे तो आकडा पडतो. आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात, ते भिंतीत सहज घुसतात. म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएल दिसायला बेताचं, असं त्रिकूट तयार होतं. आपल्या लोकांच्या रिपोर्टात वारंवार दिसतं ते हेच.

आता काही जण मनात म्हणत असतील, "मी तर सडपातळ आहे, मला काय धोका?" त्यांच्यासाठी आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडापेराने, स्नायूंनी किती तरी लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे जन्मतःच बारीक, तरी आतून चरबी राखून. पुढं २००४ साली डॉ. याज्ञिकांनी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःचाच फोटो पुरावा म्हणून लावणारा असा संशोधक विरळा. त्या एका फोटोनं सांगितलं की वजनकाट्यावर विसंबू नका. शर्टाच्या आत पोट किती आहे ते बघा. आपल्यासाठी कमरेचं माप पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत हवं.

आणि हे आपल्या गावाला जास्त लागू आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील-आजोबा शेतात राबले. पहाटे उठून मोट, नांगर, भांगलण, गवताचा भारा. त्यांची न्याहारी चार भाकऱ्यांची होती आणि ती जिरत होती. आपण नोकरीला लागलो, प्लॉट घेतला, घर बांधलं, गाडी घेतली. नांगर गेला, पण न्याहारी राहिली.

आता कागदाकडं वळू. ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक. १५० ते १९९ म्हणजे काठावर. २०० ते ४९९ म्हणजे जास्त. ५०० च्या वर म्हणजे फार जास्त, आणि तिथं धोका निराळा असतो. इतक्या आकड्याला स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते आणि हजाराच्या पुढं तो धोका फारच वाढतो. वरच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नये, दवाखाना गाठावा. आकडा ५०० च्या वर असेल तर माझं भाषण ऐकून पथ्य करत बसू नका, आधी डॉक्टरांकडं जा.

बँकेच्या माणसाला आवडेल असा एक हिशेब सांगतो. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी त्याचं सूत्र दिलं. टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, उरतं ते एलडीएल. समजा टोटल २१०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ३२०. तीनशेवीसचा पाचवा भाग ६४. म्हणजे २१० वजा ३४ वजा ६४, एलडीएल आलं ११२. माणूस म्हणतो, छान आहे की! पण बघा, ट्रायग्लिसराइड जितकं वाढेल तितकी वजाबाकी मोठी आणि एलडीएल तितकं लहान दिसणार. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नाही, असा नियमच आहे.

म्हणून घरच्या घरी करायची सोपी वजाबाकी सांगतो. टोटल कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. वरच्या उदाहरणात २१० वजा ३४, आले १७६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसू शकणारं जेवढं कोलेस्टेरॉल आहे, तेवढं सगळं या आकड्यात येतं, अर्धवट रिकाम्या ट्रॉल्यांमधलंसुद्धा. एलडीएलची जी मर्यादा डॉक्टर तुम्हाला सांगतील, तिच्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलची मर्यादा येते. कुणाला शंभरच्या आत एलडीएल ठेवायला सांगितलं असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या आत हवं. आणि इथं तर ते १७६ आहे. ११२ वाचून निर्धास्त झालेला माणूस १७६ वाचून निर्धास्त राहणार नाही.

तपासणीबद्दल दोन शब्द. ट्रायग्लिसराइड हा रोजच्या व्यवहाराचा आकडा आहे, चालू खात्यासारखा. चार दिवसांत वरखाली होतो. लग्नाच्या पंगतीच्या किंवा म्हाईच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. रात्री नेहमीसारखं जेवा, दहा-बारा तास पोट रिकामं ठेवा, पाणी चालतं. पण उलटीही युक्ती करू नका. काही मंडळी तपासणीच्या आधी आठवडाभर कडक पथ्य करतात आणि सुंदर रिपोर्ट आणतात. मार्चअखेरीला ठेवी फुगवून दाखवतात ना, तसलाच हा प्रकार. एप्रिलमध्ये काय शिल्लक राहते ते आम्हा बँकवाल्यांना विचारा.

उपाशीपोटीच मोजायला हवं असंही आता नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात १९७० च्या दशकात हजारो लोकांचं न जेवता थांबवता, आहे त्या अवस्थेत रक्त घेतलं आणि सरासरी २६ वर्षं त्यांच्याकडं लक्ष ठेवलं. जेवणानंतरचं ट्रायग्लिसराइड ज्यांचं जास्त होतं त्यांना हार्ट ॲटॅक जास्त आले. कारण उघड आहे. दिवसातले बहुतेक तास आपण उपाशी नसतोच.

मग गोळी घेऊन आकडा खाली आणला की झालं का? इथं मला थोडं सावकाश सांगायचंय, कारण यात पैसा आणि जीव दोन्ही आहेत. काही लोकांत एपीओसी-३ नावाचं जनुक जन्मतःच निकामी असतं, त्यांचं ट्रायग्लिसराइड आयुष्यभर सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहतं. अशा लोकांना हृदयधमनीच्या आजाराचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी असतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ट्रॉल्यांचा आणि आजाराचा संबंध खरा आहे. पण २०२२ मध्ये मधुमेहाच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या एका चाचणीत पेमाफायब्रेट या औषधानं ट्रायग्लिसराइड सुमारे चौथ्या हिश्श्यानं उतरलं, तरी हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. असं का? ट्रॉलीतला माल कमी झाला, पण ट्रॉल्यांची संख्या तेवढीच राहिली. भिंतीत अडकतात त्या ट्रॉल्या.

यातून आपल्यासाठी अर्थ एवढाच. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल तर ती ट्रॉल्यांची संख्या कमी करते, ती मनानं बंद करू नका. "ट्रायग्लिसराइडची गोळी चालूच हाय, आता खायला मोकळा" असंही समजू नका. आणि डॉक्टरांना आपणहून एवढं विचारा, की साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासायचं का? कारण बिघडलेला मधुमेह, सुस्त थायरॉइड, किडनीचा आजार, काही स्टेरॉइडं आणि काही बीपीच्या गोळ्या यांच्यामुळंही हा आकडा चढतो. मूळ तिथं असलं तर उपायही तिथंच. काही घराण्यांत तो वारसा हक्कानंही येतो. वडिलांचा आकडा मुलाला माहीत असायला हवा.

आता ताटाकडं येऊ. वहिनी-सूनबाईंनो, हे सगळं तुमच्या अंगावर टाकायचा माझा विचार नाही. ताट वाढणारीपेक्षा जेवणाऱ्याची जबाबदारी मोठी. पहिला हिशेब चहाचा. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजची ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला अठरा किलोवर. एका माणसाची, फक्त चहातली. कुठलंही पथ्य नको, फक्त साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आणा, तरी वर्षाला तेरा-चौदा किलो साखर वाचली.

दुसरं गुळाचं. आपण गुऱ्हाळाच्या मुलखातली माणसं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण "साखर सोडली, आता गुळाचाच चहा" हे ऐकलं की मला हसू येतं. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण तो बहुतांश तीच साखर. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो मुख्यतः थेट यकृतात जातो आणि जास्त झाला की यकृत त्याची चरबी करतं. यकृत गूळ आणि साखर यांत भेदभाव करत नाही. काकवीचंही तेच. सणाला पोळीवर गूळ-तूप जरूर घ्या, रोजचं औषध म्हणून घेऊ नका.

तिसरं, भात. आजऱ्याचा घनसाळ ताटात आला की हात आखडत नाही, हे मीही जाणतो. भात सोडू नका, क्रम बदला. आधी उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा, ताक किंवा आमटी, मग भाकरी, शेवटी मोजका भात. भाकरी नाचण्याची असो की जोंधळ्याची, चांगलीच. पण भाकरी ती भाकरी, मोजून खावी. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला दुप्पट खायचं आणि उपवास केला म्हणायचं, हे विठ्ठलाला चालत असेल, यकृताला चालत नाही.

चौथं, मांसाहारी मंडळींसाठी. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा हा आपला धर्म आहे, त्याला मी हात लावत नाही. फक्त वर तरंगणारा तवंग वाटीत ओतून घेण्याचा आग्रह सोडा. बांगडा आणि तारली यांत जी ओमेगा-३ चरबी असते ती ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करते. मात्र मासा आमटीत असावा, रव्यात घोळून तेलात पोहणारा नव्हे. शाकाहारी लोकांनी जवसाची चटणी खावी, चांगली आहे, पण माशाच्या चरबीइतकं काम ती या आकड्यावर करत नाही.

पाचवं नाजूक आहे, पण बोलायला हवं. दारू. यकृताला ती आधी निकालात काढावी लागते, तोवर चरबी जाळायचं काम मागं पडतं आणि नवी चरबी तयार होते. ज्याचं ट्रायग्लिसराइड चारशे-पाचशेच्या घरात आहे, त्यानं "फक्त शनिवारी" हा शब्दही विसरावा. तंबाखू आणि मिश्री यांचा या आकड्याशी थेट संबंध थोडा असेल, पण रक्तवाहिनीच्या त्या एक पेशी जाडीच्या अस्तराशी त्यांचं वैर जुनं आहे.

आता पायांकडं येतो, आणि हा उपाय फुकट आहे. स्नायू हलले की माल उतरवणारी टोळी कामाला लागते. आज चांगलं चाललं, तर उद्याच्या जेवणाची चरबीही रक्तातून लवकर उतरते. पण तीन दिवस खंड पडला की परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी एकदाच दोन तास चालण्यापेक्षा रोज अर्धा तास जास्त मोलाचा. प्रतापराव गुजरांच्या स्मारकाच्या रस्त्यानं सकाळी फिरायला जाणारी मंडळी आपल्यात आहेत, त्यांचं कौतुक. बाकीच्यांनी निदान रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर बसण्याआधी सोसायटीच्या अंतर्गत रस्त्याला पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या माराव्यात. आणि ज्याचं वजन जास्त आहे त्यानं ते शंभरातलं पाच ते दहा टक्के उतरवलं, तर ट्रायग्लिसराइड सुमारे २० टक्क्यांनी उतरतं. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. कोलेस्टेरॉलच्या कुठल्याच ओळीला आपल्या वागण्याचं इतकं लवकर ऐकायची सवय नाही.

आता मागच्या रांगेकडं बघून बोलतो. तरुणांनो, हे म्हाताऱ्यांचं व्याख्यान नाही. ५२ देशांत केलेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या अभ्यासातली दक्षिण आशियाई लोकांची आकडेवारी २००७ साली प्रसिद्ध झाली. ती मांडणाऱ्यांत नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी पुढं होते. पहिल्या हार्ट ॲटॅकचं वय इतर देशांतल्या लोकांत ५८.८ वर्षं आणि आपल्या भागातल्या लोकांत ५३. म्हणजे सुमारे सहा वर्षं आधी. त्रेपन्न म्हणजे काय वय? मुलीचं लग्न व्हायचं असतं, मुलाचं शिक्षण चालू असतं, घराचे हप्ते फिटायचे असतात. कर्ज विभागात काम केलेल्या माणसाला त्रेपन्नाव्या वर्षी कर्ता पुरुष गेलेल्या घराची फाइल कशी असते ते माहीत असतं. त्या फाइलवर सही करताना पुढं बसलेल्या बाईकडं बघवत नाही.

आणि आपल्या सोसायटीतही पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी टेप धरून हे प्लॉट आखून दिले, त्यांच्यातले काही जण आज आपल्यात नाहीत. कुणाकुणाच्या छातीत कशी कळ आली हे त्यांच्या घरची माणसं इथंच बसलीत, ती जाणतात. त्यांची नावं घेत नाही, पण त्यांची आठवण ठेवून सांगतो. छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम आला, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. त्या वेळी शेजाऱ्याचं दार वाजवायला लाजू नका. शेजार असतो तो यासाठीच.

समितीपुढं माझ्या चार लहान सूचना आहेत. एक, रौप्यमहोत्सवी जेवणात गोड पदार्थ एकच ठेवावा, बुंदी किंवा जिलेबी, दोन्ही नकोत. दोन, मीटिंगला बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली असावी. तीन, प्रत्येक घरानं सगळ्यांच्या रिपोर्टांची एक फाइल करावी, तारखेप्रमाणं लावलेली. आकडा एकदा बघून काही कळत नाही, तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की चाल कळते. चार, रात्रीच्या फेऱ्यांसाठी मागच्या वळणावरचा बंद पडलेला दिवा आधी दुरुस्त करावा. गेले दोन महिने तो विषयपत्रिकेवर आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. लाइट बिलाच्या फाइलमधून तो कागद काढा. दुसरी ओळ वाचा. मग टोटलमधून एचडीएल वजा करा आणि आलेला आकडा कागदावर पेनानं लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना कागद सोबत न्या आणि त्या आकड्यावर बोट ठेवून विचारा.

पंचवीस वर्षांनी या सोसायटीचा सुवर्णमहोत्सव असेल. मी असेन-नसेन, हिशेबाप्रमाणं नसेनच. पण आज चाळिशीत असलेला प्रत्येक सभासद तेव्हा पासष्टीत असेल, आणि तो या सभागृहात आपल्या पायांनी चालत यावा, एवढीच माझी इच्छा आहे.